पाव फेरा

आमच्या इमारतीत एक बातमी पसरली होती. तळमजल्यावरचा बूटवाला पोटच्या पोरीला रोज मारतो, आणि तेही घड्याळ लावून. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच, रात्री नऊ. बातमीच्या मालकीण म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या आजी. आजींची उभी हयात टपाल कचेरीच्या खिडकीत गेली, त्यामुळे आलेला माल न उघडता पुढे धाडायची सवय. "मी कुणाचं वाईट बोलत नाही हो," असं म्हणून आधी घसा साफ करायच्या, मग सुरू. "पण बाराच्या ठोक्याला पोर किंचाळते म्हणजे किंचाळते. माझं घड्याळ मागे पडेल, त्याचा नेम चुकायचा नाही."

बातमीतलं घड्याळ खरं होतं, किंचाळणंही खरं होतं. मारणं तेवढं खोटं.

बूटवाल्यांना सगळे मापकाका म्हणत. रस्त्याकडे उघडणारी पुढची खोली हे त्यांचं दुकान आणि मागची दीड खोली हे घर. काम करताना ओठांत बारीक खिळे धरलेले, त्यामुळे गिऱ्हाइकाशी बोलणं सगळं मानेने आणि भुवयांनी. खिळे संपले की मात्र तोंडाला खळ नसे. माणूस दारात उभा राहिला रे राहिला की पायाकडे बघून सांगायचे, "डावा अर्धा सूत मोठा आहे तुमचा. आजवरचे सगळे बूट चावले असतील." माणूस चाट पडायचा, कारण चावलेलेच असायचे. "बूट पाव नंबर मोठा असला तर पाय सांभाळून घेतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "पाव नंबर लहान असला तर पाय कधीच माफ करत नाही."

असल्या माणसाच्या पोटी एक पाय आखूड असलेली मुलगी यावी, यात देवाने काय साधलं ते देवच जाणे. साळुंकीसारखी अखंड बडबड, म्हणून तिला घरीदारी साळू म्हणत. जन्मतःच तिचं डावं नडगीचं हाड मागे राहिलेलं. दरवर्षी उजवा पाय वाढायचा, डावा रेंगाळायचा, आणि मापकाका डाव्या बुटाच्या तळाला बुचाचा आणखी एक थर चिकटवायचे. नऊ वर्षांची झाली तेव्हा तो तळ पाटाएवढा जाड झाला होता. जिन्यावर तिचा आवाज यायचा, टक्… थप्प. टक्… थप्प. इमारतीतल्या सगळ्यांच्या चाली जिभेने आणि टाळ्यांनी काढून दाखवणारी तिसऱ्या मजल्यावरची एक कार्टी होती, तिने हीसुद्धा बसवली होती. साळू हसून हसून लोळायची. "परत कर! आता मी पळताना कर!" एकदा दुकानाच्या दारात हा खेळ चालला असताना मापकाकांनी मान वर केली. ओठांत खिळे होते. ते पुन्हा खाली बघून ठोकायला लागले. ती कार्टी म्हणजे हे लिहिणारी मी. माझं काम इथे एवढंच, शेवटी पुन्हा थोडंसं येईल.

तर मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी कागदावर हाड काढून दाखवलं. हाड मधे कापायचं. पायाभोवती पोलादी कडी बसवायची, त्यांतून आरपार तारा घालायच्या. मग हाडाची दोन टोकं रोज एक मिलिमीटर लांब न्यायची. मधल्या फटीत शरीर नवं हाड विणत जातं. "घाई केलीत तर विणकाम तुटतं," बाई म्हणाल्या, "आळस केलात तर फट वेळेआधीच मिटते. मग पुन्हा कापायचं."

साळूची आई कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर होती. तिला ते चटकन कळलं. "म्हणजे ताण बरोबर पाहिजे. कमी नको, जास्त नको."

"बरोबर. पंचावन्न मिलिमीटर मिळवायचेत."

मापकाकांनी बोटांत पंचावन्न मिलिमीटर धरून पाहिलं. टेप लागली नाही. "डॉक्टर, दुकानदार झालो तरी सांगतो," ते म्हणाले, "हे एकच गिऱ्हाईक मला कायमचं तोडायचंय. तिने उद्या रस्त्यावरच्या कुठल्याही दुकानात जाऊन हवा तो बूट घालून बाहेर पडावं."

एवढीच त्यांची इच्छा. ती पुरी होण्यासाठी जे करायचं ते मात्र त्यांच्याच हातात आलं, आणि तिथेच घात झाला.

पिंजरा बसला. तीन कडी, त्यांना जोडणारे चार दांडे, प्रत्येक दांड्यावर एक नट. पान्याने पाव फेरा दिला की खाचेतून आवाज यायचा, कट्. चार नट म्हणजे चार कट्, असं दिवसातून चार वेळा. फिरवताना फार दुखत नसे. खरं मरण पुढे असे. हाड लांबतं, पण पोटरीचे स्नायू जागचे हलायला तयार नसतात. म्हणून फेरी झाली की पंजा वर रेटून पन्नास आकडे मोजायचे. विसाव्या आकड्याला साळूचा आवाज जिना चढायला लागायचा आणि तिसाव्याला आजींच्या कानात पोचायचा.

शेवटी एका दुपारी आजी छत्री घेऊन खाली उतरल्या. दार ठोठावलं. "उघडा आधी! नाहीतर चारचौघांना गोळा करते!"

दार उघडंच होतं. आजींनी आत पाहिलं. पलंगावर पाय, पायाभोवती लोखंड, तारा जिथे कातडीत शिरत होत्या तिथे लाल कडा, आणि पंजा दोन्ही हातांत धरून बसलेला बाप, घामाने निथळलेला. "छत्तीस," तो म्हणत होता, "सदतीस, झालं बघ, अडतीस."

"पाणी द्या हो जरा," आजी खाली बसत म्हणाल्या.

"साळूला?"

"मला."

दुसऱ्या दिवसापासून बाराला पाच कमी असताना आजी खाली यायच्या आणि साळूला पिळायला आपला हात द्यायच्या. एकदा पाठवलेली बातमी परत घ्यायची सोय टपालात नसते. ती भरपाई त्यांनी अशी केली. मनगटावर वळ उठायचे. "माझ्या वाटणीचं मी ओरडून घेतलं," म्हणायच्या, "आता घरी जाऊन झोपते."

आठव्या रात्रीची गोष्ट. नऊ वाजले. आई स्वयंपाकघरात ओट्याशी पाठ करून उभी. तिला बघवत नसे, पण ऐकायची. चार कट् मोजायची आणि मगच हात धुवायची. मापकाकांनी पाना घेतला. साळू दिवसभराच्या रडण्याने पार चिपाडासारखी झाली होती.

"बाबा, ही एक सोड ना."

"सोडून कसं चालेल, राणी?"

"पाव मिलिमीटर म्हणजे केवढं असतं रे?"

"असेल कातरणाएवढं. चामडं तासताना उडतं ना, तेवढं."

"मग कातरण तर तू रोज झाडून टाकतोस."

बापाने पाना नटावर ठेवला, हात फिरवल्यासारखा केला, आणि जीभ टाळूला लावून आवाज काढला. कट्. साळूचे डोळे मोठे झाले. कट्. तिने उशी तोंडात कोंबली. कट्, कट्. उशीतून फुसफुस हसू बाहेर पडत होतं. आठ दिवसांत त्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं. मापकाकांनाही हसू आलं. पंजा त्यांनी हलकेच धरला, पन्नासच्या जागी वीस मोजले, आणि भिंतीवरच्या तक्त्यात रात्री नऊच्या चौकोनात पेन्सिलीने बरोबरची खूण केली.

एक दिवस, एवढंच ठरलं होतं. पण चोरी पहिल्याच दिवशी जड जाते. दुसऱ्या रात्री साळूने नुसतं बघितलं आणि जीभ वाजली. मग नऊची फेरी म्हणजे बापलेकीचा ठरलेला खेळच झाला. कधी साळू म्हणायची, "आज कट् जरा गंजलेला काढ." कधी, "आज नट रुसलाय असा काढ." दिवसाच्या तीन फेऱ्या ती सोसायची ती या चौथीच्या भरवशावर. फार वाईट दिवस असला तर पाचची फेरीही जिभेवर जायची. पुढे मापकाका म्हणाले, "दिवसातून एकदा ती माझ्याकडे भीतीशिवाय बघायची. त्या पाच मिनिटांसाठी मी काहीही विकलं असतं." विकलं काय, ते तेव्हा कळलं नाही.

सहाव्या आठवड्यात नट घट्ट झाले. सकाळच्या फेरीत पाना फिरेना. फिरला तो साळूच्या अशा किंकाळीवर, की आजी सातलाच खाली धावल्या. तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी इस्पितळात फोटो काढला.

डॉक्टरबाईंनी फोटो उजेडावर धरला, मग घरून आणलेला तक्ता बघितला, मग पुन्हा फोटो. "तक्त्याप्रमाणे छत्तीस मिलिमीटर व्हायला हवेत. इथे सव्वीस दिसताहेत. आणि एका बाजूने हाड जुळून आलंय. असं होऊ नये. रोज चारही फेऱ्या केल्यात ना?"

मापकाकांचे ओठ हलले, पण ओठांत खिळे असावेत तसे ते गप्पच.

"मी केलं," पलंगावरून साळू म्हणाली. "बाबा झोपल्यावर मी पाना घेऊन उलटं फिरवायचे. रोज."

"का गं असं केलंस?" बाई तिच्याकडे वळल्या. "आता पुन्हा कापावं लागेल, माहितीये?"

साळूचा चेहरा पांढरा पडला. पुन्हा कापायचं हे तिला आत्ता कळत होतं. तरी तिने मान हलवली. हो, मीच.

"खोटं बोलतेय ती," मापकाका म्हणाले. "माझ्यावर गेलीय." ते तक्त्याजवळ गेले आणि बोट ठेवत सांगायला लागले. ही खोटी. ही खोटी. ही खरी. ही खोटी. बाईंना कळेना, सगळ्या खुणा सारख्याच दिसत होत्या. मग नीट बघितल्यावर दिसलं. खऱ्या खुणेला वर लांब शेपूट होतं, खोटीला नव्हतं. जन्मभर मापात वागलेला माणूस, खोटं लिहितानाही त्याला पुरतं खोटं लिहिता आलं नव्हतं. अठ्ठावीस रात्री आणि बारा संध्याकाळी. चाळीस पाव, म्हणजे दहा मिलिमीटर. फोटोशी हिशेब चोख जुळला.

बाई रागावतील असं त्यांना वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "तुम्ही मला सांगायला हवं होतं. फेऱ्या थोड्या सावकाश करता आल्या असत्या. औषध वाढवता आलं असतं. विचारायचं होतं हो." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

इस्पितळाच्या पायऱ्यांवर बायको पुढे, हे मागे. खालच्या पायरीवर ती थांबली. ते म्हणाले, "बोल ना काहीतरी. शिव्या दे."

"तुमच्या त्या खेळाच्या तिसऱ्या रात्रीपासून माहीत होतं मला," ती म्हणाली.

"काय?"

"अहो, पन्नास मशिनींच्या गलक्यात माझ्या सुईचा टाका सुटला तर मला आवाजावरून कळतं. तुमच्या जिभेचा कट् आणि नटाचा कट् कळायचा नाही?" तिने पदर तोंडाला लावला. "ती हसत होती. मी ओट्याशी उभी राहून ऐकत होते. म्हटलं, हसू दे. उद्या बोलेन. उद्या बोलेन."

दोघं त्या पायरीवरच बसली. येणारेजाणारे वळसा घालून जात होते.

हाड दुसऱ्यांदा कापलं. शुद्धीवर आल्यावर साळूने पाणी मागितलं, आई मागितली, आजींचा हात मागितला. बापाकडे बघितलं नाही. तिने त्यांना वाचवायला स्वतःवर घेतलं होतं, हे खरं. पण बाप मोठा असतो, त्याला सगळं माहीत असतं, आणि त्याने सोडलं म्हणजे सोडलेलं चालतं, असं ती धरून चालली होती. चाललं नव्हतं.

घरी आल्यावरची पहिली रात्र, नऊ वाजलेले. मापकाका पाना घेऊन बसले.

"ओ बूटवाले," साळू म्हणाली, "जरा हळू घ्या."

त्यांचा हात थांबला. नऊ वर्षं बाबा होते, अरे-तुरे होते. आता बूटवाले झाले, आणि वर अहो-जाहो. त्यांनी दुकानात जाऊन चार खिळे आणले, ओठांत धरले आणि पुन्हा बसले. एक नट फिरवला की एक खिळा काढून साळूच्या तळहातावर ठेवायचा. तोंडात खिळे असले की जीभ वाजवता येत नाही. साळूने तळहातावरचे खिळे मोजले. एक, दोन, तीन, चार. मग पंजा. पूर्ण पन्नास. ती ओरडली, तेही मोजत राहिले, स्वयंपाकघरातली पाठ थरथरत राहिली. तक्त्यात शेपटासकट खूण झाली.

रोज चार वेळा, एकही न चुकता. साळू रडून विनवायची, "आजच्या दिवस हो, बूटवाले, पाया पडते." ते मान हलवून नाही म्हणायचे. बोलायची सोयच ठेवली नव्हती त्यांनी. फेरी संपली की दुकानात जाऊन कुणाचाही बूट समोर ओढून उगाच ठोकत बसायचे. गिऱ्हाइकं म्हणायची, "काका, तळ निघाला नव्हता हो, नुसती चकाकी पाहिजे होती."

चव्वेचाळीस मिलिमीटरवर डॉक्टरबाईंनी थांबायला सांगितलं. टाच उचलली जायला लागली होती. आणखी ताणलं तर पाऊल कायमचं वाकडं राहिलं असतं. "अकरा कमी राहिले," मापकाका म्हणाले.

"पुष्कळ मिळाले असं म्हणा. दुसरं कापणं झालं नसतं तरी कदाचित इथेच थांबावं लागलं असतं. नक्की कुणालाच सांगता येत नाही."

"तुम्हाला येत नसेल," ते म्हणाले. "मला येतं. अकरातले दहा माझे आहेत."

पिंजरा आणखी पाच महिने पायात राहिला, नवं हाड पिकेपर्यंत. मग निघाला. काठी आली, काठी गेली. आणि एका रविवारी मापकाकांनी मला जिन्याखाली गाठलं.

"काय गं ए, नकलाकार. साळूची चाल काढायचीस तू. अजून येते?"

मला वाटलं, आता कान धरणार. "येते."

"आवाजावरून तिचा डावा-उजवा ओळखशील?"

"डोळे मिटून!"

"लाव पैज. ओळखलास तर तुला हवे तसले बूट फुकट. हरलीस तर ती टक्-थप्प बंद. कायमची. कुणी मागितली तरी काढायची नाही."

मी हसले. अख्ख्या इमारतीत माझ्या कानाला तोड नव्हती. मी पायरीवर डोळे मिटून बसले. मापकाका शेजारी बसले. साळू नवे बूट घालून आली आणि जिना चढायला लागली. टक्, टक्, टक्, टक्. पहिला मजला. मी कान टवकारले. दुसरा. टक्, टक्. घड्याळासारखं.

"कुठला पाय आता?"

"डावा," मी म्हटलं.

"उजवा!" वरून साळू ओरडली. "बूटवाले, हरली का ती?"

"हरली!" त्यांनी उत्तर दिलं. ते नाव आता त्यांना चिकटलं होतं, आणि आता त्यात हसू होतं. पण बाबा काही परत आलं नव्हतं.

मी खाली आलेल्या साळूचे बूट हातात घेऊन बघितले. बाहेरून दोन्ही अगदी सारखे, कुठल्याही दुकानात मिळतील असे. आत हात घातल्यावर डाव्याच्या टाचेखाली कळलं. बुच, मऊ चामड्याने मढवलेलं. अकरा मिलिमीटर. रस्त्यावरच्या दुकानातला बूट तसाच्या तसा तिला कधीच चालणार नव्हता. गिऱ्हाईक तुटलं नव्हतं.

"तुला खरंच नाही कळलं?" साळू अंगणात गेल्यावर त्यांनी विचारलं. "मुद्दाम हरली नाहीस ना?"

"शप्पथ. मला दोन्ही एकच ऐकू आले."

"तुला फरक ऐकू नाही आला, म्हणजे कुणालाच यायचा नाही." ते उठले, गुडघे झाडले.

"आणि तुम्हाला?"

त्यांनी एप्रनच्या खिशातून खिळे काढले आणि ओठांत धरले. मग पुन्हा काढले, कारण मी अजून बघत होते.

"मला येतो," ते म्हणाले आणि दुकानात गेले.

पैज मी हरले ती हरलेच. आजी अजूनही कधी म्हणतात, "काढ गं ती जुनी." मी आजींचीच चाल काढते.